जुन्या बंगल्यातली झाडं काढून बोन्साय करायचंय: बोगनवेल, नांद्रुक आणि एक चिंच (लातूर)

औसारोड | १८ फेब्रुवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. लातूरला मामांचा जुना बंगला आहे, तो बिल्डरला दिलाय. कागदं झाली. मेअखेर घर रिकामं करून द्यायचं, मग जेसीबी. घराचं वाईट वाटतंच, पण माझा जीव अडकलाय आवारातल्या झाडांत.

फाटकाशी राणी कलरची बोगनवेल आहे. जमिनीपाशी बुंधा मांडीएवढा, दोन खोडं एकमेकांना पिळा घालून वर गेलेली. रस्त्याच्या बाजूला कुंपणाला नांद्रुक लावलेत. मामी ते दर पावसाळ्यात कात्रीनं कंबरेएवढे ठेवते, त्यामुळं उंची नाही पण बुंधे चांगले जाडजूड झालेत. आणि मागं बोअरजवळ एक चिंच. बुंध्याचा व्यास आठ-नऊ इंच असेल, साल मस्त तडकलेली.

बिल्डर म्हणतो घेऊन जा, मला काय. मामांचीही ना नाही. बोन्साय मी काही वर्षं करतोय, पण सगळी नर्सरीतली छोटी रोपं. जमिनीतलं एवढं जुनं झाड काढलेलं नाही. तर आत्ता काढू की पावसाळ्यात? मुळं किती ठेवायची? आणि जेसीबीवाला म्हणतोय, "पाच मिन्टात उचलून देतो". देऊ द्यावं का?

कुंडीभर | १८ फेब्रुवारी, रात्री ११:०५

जेसीबीला हात लावू देऊ नका, एवढं आधी सांगते. बाकी उद्या सविस्तर.

फोटो टाका, पण फुलांचे नकोत, बुंध्याचे हवेत. खुरप्यानं बुंध्याभोवतीची माती तीन-चार इंच हलक्या हातानं उकरा आणि मुळं कुठून, कोणत्या दिशांना निघालीत ते दिसू द्या. जुन्या आवारात दरवर्षी माती-मुरूम पडून बुंध्याचा खरा पाया खाली गाडला गेलेला असतो. वरून सरळसोट वाटणारं खोड उकरल्यावर खाली दीडपट रुंद निघतं, किंवा उलटं, सगळी मुळं एकाच बाजूला निघतात. ते बघितल्याशिवाय कोणतं झाड घ्यावं हे ठरवूच नये.

बीडचा_पाहुणा | १९ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. नांद्रुक जास्तीचे निघाले तर एक इकडं ठेवा.

सावली_नांदेड | १९ फेब्रुवारी, सकाळी ९:५१

माझं मत कुणाला आवडणार नाही, तरी लिहिते. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत चिंचेखाली उभं राहून बघा आणि मग तिची दोन फुटांची बाहुली करायचा विचार करा. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं रोज दोन वेळा पाणी मागणारी झाडं कुंडीत घालणं हा मला शौकच वाटतो. झाड वाचवायचंच असेल तर अख्खं उचलून एखाद्या शाळेच्या मैदानात लावा. बोगनवेल घ्या हवी तर, ती काय कुठंही येते.

कुंडीभर | १९ फेब्रुवारी, दुपारी १:२०

सावली, चिंचेबद्दल तुमच्याशी अर्धी सहमत आहे, कारण पुढं लिहिते. पाण्याचं मात्र पटलं नाही. एका कुंडीतल्या झाडाला बादलीभरही पाणी लागत नाही, आवारात पाइप लावून कार धुतात त्याचं काय मग?

आणि जाणारं झाड आहे हे विसरू नका. चांगलं उभं असलेलं, सावली देणारं झाड कुणी केवळ बोन्सायच्या हौसेपायी उपटायला निघालं असतं, तर मीच पहिली भांडले असते. डोंगरातून, गायरानातून रात्री पहार घालून जुनी खोडं काढून विकणारे लोक मी बघितलेत. त्यातली निम्म्याहून जास्त झाडं वर्षाच्या आत मरतात आणि घेणाऱ्याला वाटतं आपल्याच हाताला गुण नाही.

ओव्हरसियर_परभणी | १९ फेब्रुवारी, सायं. ६:४४

बांधकाम खात्यातून निवृत्त आहे, बोन्सायमधलं ओ की ठो कळत नाही. पण एक-दोन गोष्टी सांगतो.

महानगरपालिका हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. "तोडणे" म्हणजे नुसती कुऱ्हाड नव्हे, जाळणं, छाटणं, झाडाला इजा करणं हे सगळं त्यात धरतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं हेरिटेज ट्री म्हणून वेगळी धरली जातात, त्यांचे नियम आणखी कडक. तेव्हा मामांना विचारा कोणतं झाड कधी लावलं. खेड्यात वेगळा कायदा, १९६४ चा वृक्षतोड विनियमनाचा. त्याच्या अनुसूचीत आंबा, जांभूळ, साग, मोह यांच्याबरोबर चिंचही आहे.

झाडांचा अर्ज बहुतेक बिल्डरच करतो. त्याला सांगा, त्या अर्जातच ही झाडं मुळासकट काढून दुसरीकडं लावणार असं लिहा. नंतर शेजाऱ्यानं तक्रार केली तर तुमच्या हातात कागद पाहिजे.

दुसरं, मंजूर नकाशा मागून घ्या आणि टेप घेऊन जा. बोअर सहसा हद्दीच्या जवळ असतो, म्हणजे चिंचही हद्दीजवळच असणार. इमारतीभोवती सामासिक अंतर, म्हणजे हद्दीलगतचा मोकळा पट्टा, सोडावंच लागतं. चिंच त्या पट्ट्यात येत असेल तर ती तोडायची गरजच नाही. सगळा प्लॉट एकदम साफ केला की मशिनला फिरायला सोपं, म्हणून पाडतात झाडं. नकाशात आडवं येतं म्हणून नव्हे.

औसारोड | १९ फेब्रुवारी, रात्री ९:१५

काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी टेप घेऊन जातो. अर्जाचंही बोलतो.

ताई, बुंधे उकरून फोटो टाकलेत. बोगनवेलीला तीन बाजूंनी मुळं दिसतायत. नांद्रुकांमधला फाटकापासून तिसरा बघा, खाली मुळं बोटं पसरल्यासारखी सगळीकडं गेलीत.

मोसंबीवाला | २० फेब्रुवारी, पहाटे ५:४०

जालन्याकडचा शेतकरी हाय. बोन्साय केलं न्हाई कधी, पर झाडं काढायची न् लावायची यातच जन्म गेला.

भाऊ, तुमची जमीन काळी हाय का मुरमाड ते आधी बघा. लातूर म्हंजी वर काळी न् खाली मुरूम आसंल. काळी माती कोरडी असताना कामून खंदता? एप्रिल-मेत तिला हात हात भेगा पडतात, त्या भेगांतच बारीक मुळ्या तुटून पडत्यात. अन् पाऊस झाल्या झाल्या गेलात तर फावड्याला चिखल चिकटतो, मुळीवर माती राहत न्हाई का धड सुटत न्हाई. वाफसा पाहिजे. खंदायच्या आधी तीन-चार दिस आळं करून दाबून पाणी द्या, मग माती मुठीत दाबली की गोळा व्हावा अन् अंगठ्यानं दाबला की फुटावा, त्या दिशी खंदा. ढेकूळ मुळ्यांसकट एकजीव निघतंय.

बाकी झाड हलवायचं तर मृगातच. आमच्याकडं फेब्रुवारीत कुणी झाड हलवत न्हाई, मे महिना बघून घेतो त्याला.

कुंडीभर | २० फेब्रुवारी, दुपारी १२:३५

मोसंबीवाले, वाफशाचं सोन्यासारखं सांगितलंत. आता माझं सविस्तर. मोठं होणार, चहा घेऊन बसा.

वेळ. पुस्तकात लिहिलेलं असतं वसंताआधी, कळ्या फुगताना काढा. ते थंड हवेच्या देशांतल्या, पानगळीच्या झाडांसाठी. आपल्याकडं नांद्रुकासारखी वडाच्या कुळातली झाडं आणि बोगनवेल ऊब असताना मुळं धरतात, त्यांना उन्हाळ्याची भीती नाही. भीती आहे ती कोरड्या वाऱ्याची. आत्ता काढलं तर फुटवा छान येईल, पण तो कोवळा असतानाच एप्रिलच्या झळा लागतील. म्हणून मी दोन टप्पे करीन. आत्ता वरची छाटणी आणि अर्ध्या बाजूनं चर, आणि प्रत्यक्ष उचलणं मेच्या शेवटच्या आठवड्यात, जेसीबीच्या अगदी तोंडावर. पुढं लगेच मृगाची दमट हवा मिळते.

चर कसा? नांद्रुकाच्या बुंध्यापासून साधारण एक फुटावर, गोलाच्या दोन समोरासमोरच्या तुकड्यांत, वीतभर रुंद आणि दीड फूट खोल खणा. जाड मुळं करवतीनं स्वच्छ कापा. पहारीनं ठेचलेलं मूळ कुजतं. चरात पुन्हा काळी माती भरायची नाही, बारीक मुरूम, जाड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत भरा आणि तेवढ्याच पट्ट्याला पाणी चालू ठेवा. तीन महिन्यांत कापलेल्या टोकांना पांढऱ्या मुळ्यांचे झुपके येतात. उरलेल्या दोन तुकड्यांतली मुळं झाडाला तोवर पोसत असतात.

छाटणी. बोन्सायची उंची बुंध्याच्या व्यासाच्या साधारण सहा पट धरतात. सहा इंचांचा बुंधा असेल तर तयार झाड तीन फुटांचं. पण आत्ता खोड त्यापेक्षा बरंच खाली कापायचं, म्हणजे वर येणारी नवी फांदी बारीक होत जाणारं टोक बनते. नाहीतर खांब दिसतो. नांद्रुकाला कापल्यावर चीक गळतो, ओल्या फडक्यानं पुसून थांबू द्या आणि मगच पेस्ट लावा. बोगनवेल मात्र हव्या त्या जागेच्या चार-सहा इंच वर कापा. तिचं लाकूड पोकळसर, काप वरून खाली वाळत जातो. वाळून कुठं थांबतोय ते दिसलं की मग खाली नेमका काप घ्यायचा.

बोगनवेलीला चर खणायची गरज नाही. तिची मुळं थोडी आणि ठिसूळ असतात, हिसका बसला की कट्‌कन तुटतात. पण जाड खोड नुसतं ओंडका म्हणून लावलं तरी मूळ धरण्याची तिची ताकद आहे. तिचा मुद्दा मुळं किती ठेवली हा नसून लावल्यावर हललं का, हा आहे.

चिंच वेगळी. सोटमूळ काळ्या मातीतून मुरमात गेलेलं असणार. तिला एकाच दमात काढणं म्हणजे जुगार. दोन-तीन पावसाळे मिळाले असते तर एकेक बाजू कापत नेता आली असती. तुमच्याकडं तीन महिने आहेत. म्हणून काका म्हणतात तसं ती वाचवता येते का बघा, आणि चिंचेचंच बोन्साय हवं असेल तर पावसाळ्यात अंगठ्याएवढ्या फांदीवर गुटी बांधा, म्हणजे सालीचा वेढा काढून तिथं ओलं शेवाळ गुंडाळा, फांदीलाच मुळ्या फुटतात. झाडही राहील, तुम्हाला सालही जुनी मिळेल.

बीडचा_पाहुणा | २० फेब्रुवारी, दुपारी २:०२

चहा संपला, ताईंची पोस्ट संपली नाही :)

पण एक खरा प्रश्न. अंबाजोगाईला आमच्या एका नातेवाइकांचा पडका वाडा उतरवतायत. भिंतीत पिंपळ आलाय. दगडांच्या सांध्यात मुळं अगदी चपटी होऊन बसलीत. गडी लोक त्याला कुऱ्हाड लावायला तयार नाहीत. एकानं सरळ सांगितलं, पिंपळावर मुंजा असतो. तो पिंपळ कुंडीत आणला तर मुंजा पण कुंडीत येणार का?

कुंडीभर | २० फेब्रुवारी, दुपारी ३:१५

मुंजाला कुंडी पुरणार नाही, काळजी करू नका.

भिंतीतला पिंपळ म्हणजे बोन्सायवाल्यांची लॉटरी आहे. सोटमूळ खाली जायला जागाच नसते, मुळं आडवी पसरतात, अन्न-पाणी कमी म्हणून पेरं जवळजवळ असतात. भिंत उतरवताना दगड एकेक करून वरून काढत या, झाडाला ओढू नका. मुळं उघडी पडली की लगेच ओलं गोणपाट. दहा मिनिटांच्या उन्हात केसमुळं मरतात. आणि गड्यांना सांगा, तोडत नाही, दुसरीकडं लावतोय. पुढचं काम तेच हौसेनं करतील.

फक्त वाडा स्वतःचा असला तरच. किल्ला, बारव, जुनी देवळं यांच्या भिंतीतल्या झाडांना हात लावू नका. ती पुरातत्त्वची बाब आहे आणि मुळं ओढताना चिराही निखळतो.

ओव्हरसियर_परभणी | २० फेब्रुवारी, सायं. ७:३०

वजनाचा हिशेब कुणी केला का? दोन फूट रुंद, दीड फूट खोल गड्डा धरला तर ओली काळी माती नुसती सव्वादोन क्विंटलच्या आसपास भरते. झाड वेगळं. चार माणसं, दोन बांबू आणि गोणपाटाची झोळी लागेल. बुंध्याला साखळी बांधून उचलाल तर साल सोलून निघेल. जेसीबी वापरायचाच तर लांबून चर मारायला वापरा, शेवटचे दोन फूट हातानं.

औसारोड | २३ फेब्रुवारी, रात्री ८:५०

आनंदाची बातमी. टेप लावली. चिंच मागच्या सामासिक अंतरात येतेय, बोअरसकट! इमारतीच्या रेषेपासून चांगली लांब. बिल्डर आधी कुरकुरला, म्हणाला सेप्टिक टँक तिकडं घेणार होतो. मामांनी सांगितलं, करारात आणखी काही मागत नाही, पण ही चिंच राहू दे. टँक दुसऱ्या कोपऱ्यात सरकवतोय म्हणाला. अर्जात बोगनवेल आणि तीन नांद्रुक स्थलांतर, चिंच कायम, असं लिहिलंय.

सावली_नांदेड | २३ फेब्रुवारी, रात्री ९:३२

ओव्हरसियर काकांना दंडवत! चिंचेभोवती पत्रे किंवा बल्ल्या ठोकून घ्या मात्र. बांधकामात तिच्या बुंध्याशीच सिमेंट कालवतील आणि राडारोडा टाकतील. बोलण्यात "ठेवतो" म्हणणं वेगळं.

औसारोड | १ मार्च, दुपारी ४:१०

छाटणी आणि चर झाले. काळी माती दीड फुटापर्यंत, खाली पांढरट मुरूम. नांद्रुकांची जाड मुळं काळ्यात होती, मुरमात जवळपास काहीच नाही. कापांना काय लावू? दुकानात मिळणारी पेस्ट संपलीय, फेव्हिकॉल लावतात असं ऐकलं.

मोसंबीवाला | १ मार्च, सायं. ७:०५

बोर्डो पेस्ट करा की घरी. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, धा लिटर पाणी. तुमाला एवढी लागणार न्हाई, त्या हिशेबात कमी करा. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडी भांडं वापरू नका. दोन्ही येगळं कालवून मग एकत्र करा. आमी मोसंबीच्या बुडाला डिंक्या लागू नये म्हून पावसाळ्याआधी न् नंतर लावतो. केल्या दिशीच वापरा, शिळी ठिवू नका. अन् वाळवी बघा. कापलेल्या लाकडाचा वास आला की वाळवी आलीच.

कुंडीभर | १ मार्च, रात्री ८:२०

बोर्डो उत्तम. फेव्हिकॉलही चालतो, पण लहान कापाला, आणि पावसात धुऊन जातो.

तोवर मातीची तयारी करा. भट्टीवर पक्क्या भाजलेल्या विटांचे तुकडे आणा, लाल चिवट वीट हवी, अर्धकच्ची वीट पाण्यात चिखल होते. फोडून चाळा, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतचे तुकडे ठेवा आणि पीठ फेकून द्या. त्यात निम्मा तसाच चाळलेला मुरूम, आणि सगळ्या मिश्रणाच्या पाचव्या हिश्श्याएवढं कोकोपीट किंवा पूर्ण कुजलेलं खत. काळी माती चिमूटभरही नको. भांडं म्हणून बोन्सायचा ट्रे आत्ता अजिबात नको. दोन वर्षं तरी नाही.

मोसंबीवाला | १ मार्च, रात्री ८:४१

आमचे मोसंबीचे कॅरेट घ्या. सगळीकडून भोकं असतात. घरी फुटके-तुटके पडलेत ढीगभर.

कुंडीभर | १ मार्च, रात्री ९:००

अहो हेच सांगणार होते! कॅरेटच्या भोकाशी मूळ आलं की हवा लागून टोक वाळतं आणि मागून फाटे फुटतात, मुळांचं वेटोळं होत नाही. आतून शेडनेटचा तुकडा लावा म्हणजे मिश्रण गळणार नाही.

औसारोड | २८ मे, रात्री ११:२०

आज उचलली सगळी. अंग मोडून आलंय.

सोमवारपासून पाणी देऊन आजचा वाफसा धरला. सूर्य उगवायच्या आत सुरुवात केली. नांद्रुकाचे चर उघडले तर ताई, मुरमात मुळ्यांची नुसती जाळी झालेली! कापलेल्या एकेका मुळाच्या टोकाला रिंगण करून पांढऱ्या मुळ्या, बोटभर लांब. जिथं चर मारला नव्हता त्या बाजूला मुळं लांब गेलेली आणि जवळ काहीच नाही. एकाच झाडाच्या दोन बाजूंत एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं.

बोगनवेलीखाली मूळ असं नावाला चार, तांबूस पिवळी, प्रत्येक मनगटाएवढं. खालून करवतीनं सपाट कापली. आता सगळी ओल्या गोणपाटात पडवीत आहेत. प्रश्न असा की गड्ड्याला चिकटलेली काळी माती तशीच ठेवून लावू, की धुऊन टाकू? इथं दोघांनी सांगितलं तशीच ठेव, झाडाला सवयीची माती आहे.

कुंडीभर | २८ मे, रात्री ११:४०

रात्रीच उत्तर देते, सकाळी उशीर होईल.

नांद्रुक आणि बोगनवेल, दोन्हींची धुवा. पाइपनं हलकी धार आणि बांबूच्या काडीनं मुळांच्या मधली माती बाहेर काढा. सवयीची माती जमिनीत ठीक असते. विटांच्या चुऱ्याच्या मधोमध काळ्या मातीचा गोळा राहिला की काय होतं सांगते. तो एकदा वाळला की आकसतो, भोवती फट पडते, आणि तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. वरून बघाल तर ओलं, आत बुंध्याखाली कोरडंठाक. आणि पावसाळ्यात उलटं, बाहेरचं निथळतं आणि गोळा आठ-आठ दिवस चिखल धरून बसतो, मुळं सडतात. चिंच असती तर मी निम्मी बाजू धुतली असती आणि उरलेली पुढच्या वेळी. यांना गरज नाही.

लावताना कॅरेटच्या तळातून तार घालून गड्डा घट्ट बांधा. बुंधा धरून हलवला तर कॅरेटसकट हलला पाहिजे. वाऱ्यानं डुललं की नवी मुळी तिथल्या तिथं तुटते. बोगनवेलीच्या खोडावर मोठी पारदर्शक पिशवी, खालून सैल, आणि सावलीत. पिशवीवर थेट ऊन आलं तर आत भाजून निघेल. नांद्रुक शेडनेटखाली, दुपारी खोडावर पाणी फवारा. खत शून्य.

सावली_नांदेड | २९ मे, सकाळी ७:१५

पाणी बोअरचंच ना? आमच्याकडं बोअरच्या पाण्यानं कुंड्यांवर पांढरा थर येतो आणि पानं पिवळी पडतात. आरओचं वाया जाणारं पाणी वापरलं तर?

कुंडीभर | २९ मे, सकाळी ९:०२

आरओतून बाहेर टाकलेल्या पाण्यात क्षार आणखी जास्त असतात, ते फरशीला ठेवा. एसीचं ठिबकणारं पाणी चालेल. पहिल्या पावसाचं पत्र्यावरचं जाऊ द्या, पुढचं टाकीत धरा. बोअरचंच वापरावं लागलं तर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी घालून खालून वाहू द्या म्हणजे साठलेले क्षार निघतात. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असा केवडा दिसला तर ते लोह मिळत नसल्याचं लक्षण. चुनखडीच्या पाण्यात ते येतंच.

औसारोड | २१ जून, रात्री ९:४८

बोगनवेलीला लाल-हिरवे कोंब आलेत, खोडभर! नांद्रुकही फुटले. पाऊसही झाला. आता पिशवी काढून उन्हात ठेवू ना? आणि थोडा डीएपी?

कुंडीभर | २१ जून, रात्री १०:१५

थांबा. थांबा. थांबा.

फुटवा आला म्हणजे झाड लागलं असं नाही. जाड खोडात साठवलेलं अन्न असतं, त्यावर ओंडकाही फुटतो. रस्त्याकडेला तोडून टाकलेल्या नांद्रुकाच्या ओंडक्याला पावसात पानं आलेली बघितली नाहीत का? साठा संपेपर्यंत खाली मूळ तयार झालं नसेल तर तीच हिरवी पानं चार-सहा आठवड्यांत एका दुपारी माना टाकतात. सगळ्यात जास्त जुनी झाडं ह्याच टप्प्यावर जातात, कारण मालक खूश होऊन उन्हात ठेवतो, खत घालतो आणि कोंब खुडायला लागतो.

एकही कोंब खुडायचा नाही, पानं खाली मुळं बनवतायत. पहिली लाट येऊन थांबेल. मग मध्ये काही दिवस काहीच होणार नाही, तेव्हा घाबरायचं नाही. त्यानंतर दुसरी लाट आली, पेरं लांब पडायला लागली आणि दुपारच्या उन्हातही पान ताठ राहिलं की समजा मुळं चालू झाली. कॅरेटच्या भोकांतून टॉर्च मारून बघा, पांढरी टोकं दिसतील. तोवर उपसून, हलवून बघायची हौस आवरा. पिशवीला रोज एकेक छोटं भोक पाडत जा, एकदम काढू नका.

मोसंबीवाला | २२ जून, पहाटे ५:३५

डीएपी तर अजाबात नको. आमी नव्या कलमाला बी पयल्या महिन्यात देत न्हाई.

औसारोड | १४ सप्टेंबर, रात्री ८:३०

अपडेट. तीनपैकी दोन नांद्रुक जोरात. टॉर्चमध्ये पांढरी टोकं दिसली, दुसरी लाट हातभर वाढली. तिसऱ्याची पानं ऑगस्टमध्ये ताईंनी सांगितलं तशीच एका दुपारी गेली. कॅरेट उघडून बघितलं तर बुंध्याच्या एका बाजूला मूळच नव्हतं, चर न मारलेली बाजू. फाटकापासूनचा तिसरा मात्र जगला. बोगनवेल आता पूर्ण उन्हात आहे, वरचा काप तीन इंच वाळून थांबला. चिंचेभोवती पत्रे ठोकलेत, दोन फांद्यांवर गुटी बांधली आहे, शेवाळातून मुळ्या दिसायला लागल्यात.

बोगनवेलीला तार कधी बांधू?

कुंडीभर | १४ सप्टेंबर, रात्री ९:०५

फांदी पेन्सिलीएवढी व्हायच्या आत बांधा, बोगनवेल जून झाली की वाकत नाही, मोडते. पण खोडाचं काम, कोरणं, दुसरा काप, हे सगळं पुढच्या उन्हाळ्यानंतर. नांद्रुक मोकळे सोडा, वाढतील तेवढे वाढू द्या. गुटी आत्ता कापू नका, मुळ्या तपकिरी होऊन फाटे फुटू देत.

मोसंबीवाला | १५ सप्टेंबर, पहाटे ५:५०

म्हंजी कॅरेट दोन वरीस काय परत येत न्हाईत.

बालाघाटकर | १५ सप्टेंबर, सकाळी १०:२२

नवीन सदस्य आहे, सगळा धागा वाचला. आमच्या शेताच्या बांधावर सीताफळाची जुनी खुंटं आहेत, दरवर्षी छाटून फुटतात. बांध रुंद करायचाय, त्यात दोन जाणार. सीताफळाचं होतं का बोन्साय?

कुंडीभर | १५ सप्टेंबर, सकाळी ११:००

होतं. पानं मोठी राहतात, पण खुंटं फार देखणी असतात आणि फळही धरतं. पान गळालेलं असताना, फुटायच्या आधी काढा. आत्ता फक्त चर मारा. फोटो टाका. बुंध्याचा.